नमुन्याचा डबा

पारखीला त्या डब्यातून काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. बॅटरीचे दहा सेल फुकट. शिवाय त्याच्या व्हिडिओखालच्या लिंकवरून कुणी माल मागवला की खोक्यामागे थोडा वाटा. आणि तिसरी गोष्ट तो कधी बोलून दाखवत नसे, पण तिच्यावाचून त्याला जेवण गोड लागत नसे: लोकांनी विचारावं, "पारखी, घेऊ का हे?" आणि त्याने मान जराशी तिरकी करून म्हणावं, "घे."

पारखी हे त्याला पडलेलं नाव. दिवसा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नोकरी, आणि घरी जेवणाच्या टेबलाचं एक टोक त्याचं: तिथे मीटर, चिमटे आणि खिशात मावणारा डिजिटल काटा. बायकोने तिथे वाटी ठेवली तरी त्याच्या कपाळाला आठ्या पडत. ऑनलाइन मिळणाऱ्या, पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या लिथियम सेलमधले नकली कोणते, हे तो व्हिडिओ काढून दाखवी. अंगठ्याएवढा सेल काट्यावर ठेवायचा आणि ठरलेलं वाक्य टाकायचं, "लेबल वाचू नका, वजन करा." असली सेल पंचेचाळीस-शेहेचाळीस ग्रॅम भरतो. नकलीच्या पोटात लहानसा कसलातरी सेल आणि भोवती भुकटी. वरचं वेष्टन मात्र असं देखणं, की असलीने मान खाली घालावी.

असे सेल विकणाऱ्या एका ऑनलाइन विक्रेत्याने त्याला नमुन्याचा डबा धाडला. दहाच्या दहा सेल काट्यावर चोख उतरले, मीटरवरही उतरले. पारखीने व्हिडिओ केला आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. एवढंच त्याच्या डोक्यात आलं नाही, की ज्याला मुलगी बघायला यायचं असतं तो भाड्याने का होईना, सूट चांगलाच घालून येतो.

आता भाऊजी. म्हणजे पारखीच्या थोरल्या बहिणीचा नवरा. सुऱ्या, कात्र्या, वस्तरे यांना धार लावण्याचा धंदा. गाडा ढकलत गल्लोगल्ली फिरायचं, शिंप्याच्या दारात थांबायचं, न्हाव्याच्या दारात थांबायचं आणि पायडल मारून सहाणेचं चाक फिरवायचं. हात असा, की गिऱ्हाइकाने धार बघायला बोट पुढे केलं तर हेच ओरडत, "बोट लावू नका, रक्त येईल मग म्हणाल सांगितलं नाही!" हात शाबूत होता, पण उजवा गुडघा गेला होता. डॉक्टरने ऑपरेशन सांगितलेलं. ताई त्यासाठी पैसे बाजूला टाकत होती, पण त्याला वेळ होता. तोवर पायडलच्या जागी मोटर बसली, तर गुडघा तग धरणार होता. मोटरला बॅटरी हवी, बॅटरीला चाळीस सेल.

"तुझ्या व्हिडिओतलेच मागव," भाऊजी म्हणाले. "स्वस्त आहेत, आणि घरचा माणूस बोललाय म्हटल्यावर विषय संपला."

पारखीने आपल्याच लिंकवरून मागवले. बहिणीच्या घरातूनही त्याला वाटा पडला. त्याने तो नाकारला नाही आणि सांगितलाही नाही.

खोकं आलं त्या सुट्टीच्या दिवशी तो ताईकडे जेवायला होता. भाऊजींनी खोकं उचललं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अरे वा! वजनाला काहीच नाही की रे! गाडा ढकलायला सोपा जाणार."

"तुमच्या पाकिटासारखंच," ताई आतून म्हणाली.

सगळे हसले. पारखीने एक सेल उचलला. ज्याच्या हातातून शेकड्यांनी सेल गेलेत त्याला काटा लागत नाही. सेल तळहातावर टेकला मात्र, आणि त्याला कळलं, हा पंचेचाळीस ग्रॅम नाही. काटा शर्टाच्या खिशात होता.

"ठेव ना काट्यावर," ताई पदराला हात पुसत बाहेर आली. "ते तुझं करून दाखव. लेबल वाचू नका, आणि पुढचं ते."

आता हा सेल काट्यावर ठेवायचा म्हणजे काय, ते पारखीने क्षणात हिशेबात धरलं. आकडा सगळ्यांसमोर दिसणार. मग खोकं परत. मग व्हिडिओ उतरवायचा, आणि त्यावर विसंबून ज्यांनी माल घेतलाय त्यांना सांगायचं, की बाबांनो, मला नमुना दाखवून बनवलं. पारखीलाच बनवलं!

"एकदा तपासलेला माल पुन्हा काय तपासायचा?" तो म्हणाला. "नवीन खेपेला वेष्टन पातळ येतं कधी कधी." आणि सेल खोक्यात परत ठेवून त्याने भात मागितला.

बॅटरी भाऊजींनीच जोडली. तापवून सेल जोडायची सोल्डर गन पारखीची, सूचना पारखीच्या, हात भाऊजींचे. मोटर बसली. पंधरवडाभर भाऊजी असे हिंडले, जणू लग्नातला घोडा त्यांनाच मिळालाय. शिंप्याने विचारलं, "पाय कुठे गेला तुमचा?" तर म्हणाले, "रजेवर!"

मग एका दुपारी गाडा जिन्याखाली चार्जिंगला लावून ते जेवायला वर गेले. आधी उग्र, गोडसर वास आला, मग फटाफट आवाज. ते धावत खाली आले आणि जळता गाडा ओढून रस्त्यावर नेला. माणसं वाचली. जिन्याचा लाकडी कठडा, भिंतीवरचे विजेचे मीटर आणि भाऊजींचा डावा तळवा, एवढं गेलं. घरमालकाने दुसऱ्याच दिवशी खर्चाचा कागद हातात दिला, तोंडाने एवढंच म्हणाला, "नशीब समजा."

जे सेल फुटले नव्हते ते भाऊजींनी चहाच्या रिकाम्या डब्यात भरून पारखीकडे पाठवले. सोबत निरोप: बघ बाबा, माझं काय चुकलं.

पारखीने टेबलाचं आपलं टोक मोकळं केलं आणि एक सेल कापला. वर्तमानपत्रावर पांढरट भुकटी सांडली, आणि तिच्यातून करंगळीएवढा सेल बाहेर आला, मोठ्या भावाचा कोट घातलेल्या पोरासारखा. त्याने कागदाची घडी केली, कचऱ्यात टाकली आणि साबणाने दोनदा हात धुतले. विक्रेत्याला मात्र त्याने खरमरीत लिहिलं. उत्तर फार अदबीने आलं: एखादी खेप गडबडीची निघते, आम्ही दिलगीर आहोत, आपल्यासाठी नवा नमुना पाठवत आहोत. दोन दिवसांत दुसरा डबा हजर. दहाही सेल शेहेचाळीस ग्रॅम! व्हिडिओ होता तिथेच राहिला.

ताईच्या घरी गेला तेव्हा भाऊजी हात बांधून खाटेवर बसले होते.

"बोल, पारखी. कुणाचं पाप?"

"सोल्डरचं," पारखी म्हणाला. वाक्य त्याने येतानाच तयार केलं होतं. "गन जास्त वेळ टेकवली गेली. सेल आतून भाजतो, वरून कळत नाही."

"तूच म्हणालास की टेकवा म्हणून."

"टेकवा म्हणालो भाऊजी, मुक्काम करा नाही म्हणालो."

ताईला हसू आलं, आणि मग आलं म्हणून राग आला. भाऊजींनी आपला चांगला हात उलटा-सुलटा करून पाहिला. एखादी ओळखीची सुरी गिऱ्हाईक बोथट म्हणून परत घेऊन आल्यावर पाहावं, तसा.

"कमाल आहे," ते म्हणाले. "या हाताचा वस्तरा आजवर कुणी परत आणला नाही."

"वस्तरा वेगळा, वीज वेगळी," ताई म्हणाली. "येत नाही तिथे हात घालायचा कशाला?"

पारखी चहा पिऊन निघाला. त्याला वाटलं, प्रकरण मिटलं.

ते मिटणार नव्हतं, कारण भाऊजी सरळ माणूस आणि सरळ माणूस खोट्यावरही सरळच चालतो. तळवा भरून आल्यावर त्यांचा फोन आला. आवाजात पुन्हा जुनी खुशी.

"ऐक, तेच सेल परत मागवतोय. तुझी लिंक काढून ठेवलीय. मालात काही खोट नव्हती ना, खोट माझ्या हातात होती. या खेपेला सोल्डर बाहेर करून घेतो. कसं?"

पारखी फोन कानाला लावून उभा राहिला. समोर टेबलावर विक्रेत्याचा दुसरा डबा. माल नकली आहे, एवढं म्हटलं की काम होत होतं. त्यापुढे मात्र ताईचा प्रश्न येणार: तुला कधी कळलं?

"नका मागवू, भाऊजी."

"का? माल बिघडला?"

"माल चांगलाच आहे. तुमच्याकडून हे व्हायचं नाही. परत जिना पेटला तर?"

"अरे, सोल्डर दुसरा माणूस करणार म्हणतोय ना."

"आणि चार्जिंग? ते तर तुमच्याच हातचं ना?"

भाऊजी हळूच म्हणाले, "हं. तेही खरंच. तू म्हणतोस म्हणजे बघूनच म्हणत असशील."

आता कुणी किती भरलं ते बघू. विक्रेत्याने भरले नमुन्याचे दोन डबे, आणि ते त्याने पुढच्या गिऱ्हाइकांकडून केव्हाच वसूल केले. पारखीने एका ऑर्डरचा वाटा सोडला. मनातल्या मनात तो याला बहिणीसाठी केलेला त्याग म्हणतो. जिन्याचा कठडा आणि मीटर ताईने भरून दिले, गुडघ्यासाठी बाजूला टाकलेल्या पैशांतून. भाऊजी पुन्हा पायडल मारतात, दर दोन घरांनी थांबून मांडी दाबतात.

पण तेवढ्याने त्यांची सुटका झाली नाही. परवा न्हाव्याच्या दारात त्यांनी वस्तऱ्याला धार लावली, नखावर तपासली, पुन्हा लावली, पुन्हा तपासली, आणि वस्तरा न्हाव्याच्या हातात देताना आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "जरा बोट लावून बघता का? नीट झालीय ना?"