चिठ्ठीवर कुणाचं नाव?

दागिन्यांच्या लहान, नक्षीदार पेट्या करणारं आणि दुरुस्त करणारं ते घर. पुढच्या खोलीत दुकान, मागे संसार. दुरुस्तीला आलेल्या पेटीला मालकिणीच्या नावाची चिठ्ठी बांधल्याशिवाय हात लावायचा नाही, हा सासऱ्यांचा नेम. एखादे दिवशी पूजा राहील, पण हा नेम राहायचा नाही.

थोरला मुलगा जाऊन सात महिने झाले होते. तो गेला त्याच आठवड्यात सासूबाईंनी सुनेची दागिन्यांनी भरलेली पेटी "सांभाळायला" म्हणून आपल्या कपाटात नेली. सून दुकानातल्या चिठ्ठ्या बांधत राहिली. सासरेही खाली मान घालून बिजागऱ्या ठोकत राहिले.

त्या सकाळी एक गिऱ्हाईक बाई आपली जुनी पेटी घेऊन आल्या. "काका, अगदी नव्यासारखी होईल ना हो?"

"पेटी होईल. आतल्या दागिन्यांचं वय मात्र तुम्हीच लपवा."

बाई हसत गेल्या. सुनेने त्यांच्या नावाची चिठ्ठी बांधली, तोच सासूबाई आतून आल्या आणि एक रिकामी पेटी तिच्यासमोर ठेवली.

"अगं, हिचं अस्तर बदल. लाल मखमल पार विटलीय. निळी लाव, धाकट्याच्या होणाऱ्या बायकोला निळा आवडतो. लग्न तोंडावर आलंय."

पेटी सुनेचीच होती. झाकणावरची वेल सासऱ्यांनीच तिच्या लग्नात कोरलेली. आत मखमलीवर तिच्या माहेरच्या बांगड्यांचे गोल वळ अजून होते. तिने त्यांवरून बोट फिरवलं. मग कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल घेतली.

"बाबा, नाव कुणाचं लिहू?"

सासऱ्यांची हातोडी थांबली.

"नाव कसलं?" सासूबाई म्हणाल्या. "घरचीच तर वस्तू. आणि आता तुला नटून कुणाला दाखवायचंय?"

सासूबाई दुष्ट नव्हत्या. रीत पाळणं म्हणजे पुण्य, एवढंच त्यांना शिकवलेलं. आपणही जप करता करता अशा कितीतरी रीती मण्यांसारख्या पुढे सरकवतोच की.

सून हळूच म्हणाली, "चिठ्ठी नसेल तर मी हात नाही लावणार. तुम्हीच शिकवलंय, बाबा."

परक्या बायकांच्या शेकडो पेट्या सासऱ्यांनी जिच्या तिच्या हाती पोचवल्या होत्या. घरातली एकच पेटी डोळ्यांदेखत गेली, तेव्हा मात्र त्यांनी हातोडीचा आवाज मोठा केला होता.

सरसाने चिकट झालेल्या बोटांनी त्यांनी पेन्सिल घेतली आणि चिठ्ठीवर सुनेचं नाव लिहिलं. मग बायकोपुढे हात पसरला. "बांगड्या दे."

"अहो, लोक काय म्हणतील?"

"दे म्हणतो ना."

कमरेला खोचलेल्या रुमालातून बांगड्या निघाल्या. सासऱ्यांनी त्या सुनेच्या ओंजळीत ठेवल्या. तिच्याकडे बघायचा मात्र त्यांना धीर झाला नाही.

"आणि कानातली?" त्यांनी बायकोला विचारलं.

सासूबाईंनी नजर चुकवली. "ती... आपल्या लेकीला दिली. तिच्या सासरी टोमणे मारत होते, म्हणून."

सासरे उठले. त्यांनी अंगावरचा भुसा झटकला, पायात चपला सरकवल्या.

"अहो, लेकीला दिलेलं तिच्या दारात जाऊन परत मागणार? लाज नाही वाटत?"

"वाटते ना," सासरे म्हणाले. "सात महिने वाटतेय. म्हणून तर निघालोय."