शिशाचा दिवा

तेजलच्या रक्तात शिसं निघालं आणि तिच्या आईच्या, रोशनीच्या, तोंडचं पाणी पळालं. पोर जेमतेम दोन वर्षांची. पोट धरून रडायची, जेवण टाकलेलं, येत होते ते शब्दही गेले. उरला एकच, "आजा". डॉक्टर म्हणाले, "घरात शिसं कुठून येतंय ते शोधा. ते थांबलं नाही तर औषधाचा उपयोग नाही."

नशीब तरी कसलं मेलं! रोशनी अंधेरीच्या लॅबमध्ये हेच काम करायची. लोकांच्या हळदी, मसाले आम्लात विरघळवायचे, मशीनच्या इवल्याशा भट्टीत तापवायचे, त्या वाफेतून शिशाच्या दिव्याचा उजेड सोडायचा. वाफेनं जितका उजेड गिळला, तितकं शिसं. साहेबांच्या हातापाया पडून तिनं घरातलं सगळं तपासलं. नळाचं पाणी, सुके बोंबील, काजळ, खेळणी. सासूचा वर्षभराचा मसाला तर निकालाआधीच गटारात ओतला.

"माज्या हाताला विष लागलंय काय गं?" सासू, चंपाबाई, ओरडली.

मसाला स्वच्छ निघाला. सगळंच स्वच्छ! आता शोधायचं तरी कुठे, या विचारानं रोशनी वेडीपिशी झाली.

घरी आली तर पोर सासऱ्याच्या छातीवर झोपलेली. पावसाळी मासेमारी बंद, होड्या वेसाव्याच्या किनाऱ्यावर ओढलेल्या. सासरा, हरेश्वर, दिवसभर जाळी दुरुस्त करायचा, जाळं बुडावं म्हणून त्याला लावायच्या गोळ्या जुनं शिसं वितळवून ओतायचा आणि तसाच येऊन नातीला उचलायचा. तिच्या तोंडात त्याच्या बंडीचं टोक होतं, चोखून चोखून ओलं झालेलं. रोशनीनं ते टोक हळूच सोडवलं आणि कात्रीनं कापून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिनं बंडीचा तुकडा तपासला. आकडा मशीनच्या मापात मावेना. मशीन बिघडलेलं असू दे रे देवा, म्हणत तिनं कापडाशिवाय नुसतं आम्ल तपासून पाहिलं. शून्य. मशीन ठणठणीत होतं. पोर जितकी आजारी पडली, तितकं आजानं तिला जास्त छातीशी धरलं होतं.

संध्याकाळी हे ऐकून हरेश्वर उठला. बंडी काढून मोरीत गेला आणि अंग घासत राहिला. बाहेर आला तेव्हा कातडी लालभडक झालेली. तेजल हात पसरून धावली, "आजा!"

म्हातारा भिंतीला टेकला.

"घ्या बाबा, आता चालेल," रोशनीला रडू आवरेना.

"नको गं. आदी माजे हात तुज्या मशीनला दाखव."

"असे हात नाही तपासता येत, बाबा."

"मंग नको."

त्यानं दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. पोर त्याच्या पायांना मिठी मारून रडत राहिली, आजा, आजा करत.