तानबादादाचं शुद्धीकरण

जगात विष फार वाढलंय, एवढं सांगायला सात देशांतली माणसं विमानाचा धूर काढत वर्ध्याला आली. बोरगाव मेघेच्या पलीकडे, शेतांना लागून, प्रभाकररावांचं 'निर्विष आरोग्यधाम' आहे. प्रभाकरराव नावाआधी डॉक्टर लावतात. कशाचे डॉक्टर, असं विचारलं की डोळे मिटून "सर्वांगीण" म्हणतात. त्यांनी परदेशातल्या आपल्यासारख्याच सर्वांगीण मंडळींशी संधान बांधलं होतं. शरीरात साठलेलं विष बाहेर कसं काढायचं, यावर सगळ्यांनी मिळून काम करायचं, म्हणून ही आंतरराष्ट्रीय परिषद.

मी वर्ध्याच्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते. दुभाषी म्हणून मला बोलावलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. घरबसल्या इतकी करमणूक कोण सोडेल?

करमणूक झालीही. पहिल्याच दिवशी कॅनडाच्या एका गृहस्थांनी रडून रडून जमिनीत विष सोडण्याची पद्धत सांगितली आणि सगळ्यांना अंगणात पालथं झोपवलं. जर्मनीच्या इनग्रिडबाई या सगळ्यांच्या मुख्य. उंच, साठीच्या, अनवाणी चालायच्या आणि दर दोन वाक्यांनंतर "शरीराला सगळं कळतं" म्हणायच्या. त्यांनी एक यंत्र आणलं होतं. टबात मिठाचं पाणी, त्यात लोखंडी पट्ट्या, वरून वीज. त्यात पाय बुडवले की पाणी तपकिरी होतं, आणि ते म्हणे तळपायांतून उतरलेलं विष. सकाळी यंत्र चालतं की नाही हे तपासायला टब नुसताच लावून ठेवला होता. तेव्हाही पाणी तसंच तपकिरी झालं होतं. मी ते इनग्रिडबाईंना दाखवलं. त्यांनी टबावरून प्रेमाने हात फिरवला आणि म्हणाल्या, "आधीच्या माणसाचं उरलं असेल." यावर काय बोलणार? मी तोंडात रुमाल कोंबला.

पण दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष विषबाधित शेतकऱ्यावर उपचार करून दाखवायचे होते, आणि तो शेतकरी म्हणून प्रभाकररावांनी माझ्या चुलतभावाला, तानबादादाला, निवडलं होतं. दादाची सेलूच्या वाटेवर वांग्याची आणि भेंडीची वाडी आहे. आरोग्यधामाच्या स्वयंपाकघरात त्याचीच भाजी जाते. म्हणजे एकाच माणसाकडून सकाळी 'विषमुक्त' वांगी घ्यायची आणि दुपारी त्यालाच विषबाधित म्हणून स्टेजवर बसवायचं. पाहुण्यांनी ती वांगी आदल्या रात्री डोळे मिटून, मातीचे आभार मानत खाल्ली होती.

दादा आला तो नवऱ्या मुलासारखा खुशीत. सोबत देवकावहिनी. मागच्या भिंतीवर मोठा पडदा लावला होता. जे येऊ शकले नाहीत त्यांचे चेहरे त्यावर चौकोनाचौकोनांत दिसत होते, कुणी ब्राझीलमध्ये, कुणी कुठे. दादा आत येताच समोरचे सगळे उठून उभे राहिले आणि हात जोडून वाकले. पडद्यावरच्यांनीही हात जोडले. दादाच्या आयुष्यात त्याच्यासाठी कुणी उठून उभं राहिलं नव्हतं. तो इतका गडबडला की त्याने मलाच नमस्कार केला.

आधी पाय टबात. पाणी तपकिरी झालं, टाळ्या पडल्या. मग त्याला वाफेच्या पेटीत बसवलं. लाकडी पेटी, डोकं तेवढं बाहेर, मानेभोवती ओला टॉवेल. अंगातली बनियन तशीच राहू दिली होती, कारण कापडात मुरलेलं विषही वाफेने ओढून निघतं, असं इनग्रिडबाईंनी समजावलं. मी त्याचं भाषांतर केलं. दादाने मान डोलावली.

थोड्या वेळाने त्याला दरदरून घाम फुटला. पेटीतल्या माणसाला घाम येणारच. मग तोंडातून लाळ गळायला लागली.

"बाई, मले धुंदलं दिसून राह्यलं," तो मला म्हणाला.

मी ते इंग्रजीत सांगितलं. इनग्रिडबाईंचा चेहरा उजळला. "यकृत मोकळं होतंय, ते आधी डोळ्यांत दिसतं." प्रभाकररावांनी डोळे मिटून हुंकार दिला. मग दादाला ओकारी झाली, आणि पडद्यावर लाल बदाम तरंगायला लागले. खरंच सांगते, माणूस ओकत होता आणि ही शहाणी माणसं घरोघरी बसून बदाम पाठवत होती.

मी वहिनीकडे वळले. "वहिनी, यानं सकाळी काय खाल्लं व्हतं?"

"काई नाई खाल्लं. वाडीतूनच इकडे आलो ना आमी."

"वाडीतून? आंघोळ करून?"

"आंघोळ कुठची! प्रभाकर साहेबच म्हणले, आंघोळ नोको करू, फवाऱ्याच्या कपड्यातच येजो, मंग विष चांगलं दिसते." वहिनी कौतुकाने हसली. "हे त आज सकाळी मुद्दाम दोन पंप जास्तीचे मारून आले. म्हणे फॉरेनचे लोकं येऊन राह्यले, त्याइले दाखवाले भेटलं पाहिजे."

अंगावर ताजं औषध, औषधाने भिजलेली बनियन, आणि वरून वाफ. गरम कातडी ते औषध आत पीत होती, आणि हे सगळे त्याला बाहेर निघणं म्हणत होते. फवारणीची बाधा आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ओळखता येते. मी पुढे होऊन दादाचे डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. गालाचं मांस आपोआप फडफडत होतं.

"याला बाहेर काढा," मी इंग्रजीत ओरडले. "याला विष चढतंय. दवाखान्यात न्यायचं."

कुणीही हललं नाही. कॅनडाच्या गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला दीर्घ श्वास घ्यायला सांगितला. इनग्रिडबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "जवळच्या माणसांना हे बघवत नाही. आत्ता थांबवलं तर निघालेलं विष परत आत जाईल. त्यांना सांगा, विरोध करू नका, स्वतःला सोडून द्या."

"प्रभाकरराव, तुम्ही तरी!" मी मराठीत म्हटलं. "मरेल हो तो."

प्रभाकररावांनी पडद्याकडे एक नजर टाकली आणि ओठ न हलवता पुटपुटले, "मॅडम, लाइव्ह चालू आहे."

हे वाक्य मी अजून विसरले नाही. समोर माणसाच्या तोंडाला फेस आला होता, आणि या माणसाला काळजी होती कॅमेऱ्याची! पेटीचं झाकण दोन बाजूंनी दोन पाहुण्यांनी भक्तिभावाने धरून ठेवलं होतं. खऱ्या बोलण्याचा त्यांच्यावर काडीचा परिणाम होणार नाही, हे मला तेवढ्यात कळलं.

दादा काहीतरी पुटपुटत होता. मी कान त्याच्या तोंडाशी नेला. "हर्षे, दम नाई घेता येत," तो म्हणाला.

मी माइक हातात घेतला आणि शांत, थोडा कापरा आवाज काढून इंग्रजीत म्हणाले, "ते म्हणताहेत की त्यांना त्यांच्या पूर्वजांची माती बोलावते आहे. उरलेली शुद्धी तिथेच व्हायची आहे, उघड्या आभाळाखाली, घरच्या बाईच्या हातून. आणि वाहत्या पाण्यात."

इनग्रिडबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. झाकण आपोआप उघडलं. दोन देशांच्या प्रतिनिधींनी दादाला अलगद उचलून दाराकडे नेलं आणि बाकीचे वाट देत, हात जोडत बाजूला झाले. प्रभाकररावांना मी ठार खोटं बोलले हे कळत होतं. पण समोरून त्यांच्यावर इतका कौतुकाचा वर्षाव चालला होता की त्यांनीही हात जोडले.

अंगणातल्या नळाखाली मी आणि वहिनीने दादाची बनियन फाडून काढली आणि भांडी घासायच्या साबणाने त्याचं अंग खसाखसा धुतलं. वहिनी रडत होती. पाहुण्यांच्या गाडीत त्याला टाकून सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी डोळे बघितले, कोणतं औषध फवारलं ते विचारलं आणि एकामागून एक इंजेक्शनं सुरू केली. रात्री श्वास थकला तेव्हा मशीन लावलं. वहिनी बाहेरच्या फरशीवर बसून राहिली आणि मी तिच्या शेजारी बसून देवाचं नाव घ्यायच्या ऐवजी त्या सात देशांचा उद्धार करत राहिले.

दादा वाचला. मशीन निघालं त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्याला चांगलं फैलावर घेतलं. उघड्या तोंडाने, वाऱ्याच्या विरुद्ध फवारतोस, अंघोळ न करता वाफ घ्यायला बसतोस, तुला बायकोपोरांची काही पडली आहे का? दादा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बरोबर दुसऱ्या दिवशी प्रभाकरराव शाल घेऊन आले. दादाला पांघरली, फोटो काढला. परिषदेच्या संयुक्त पत्रकात तो फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं की तीव्र शुद्धीकरणाच्या टप्प्यातून सुखरूप बाहेर पडलेला पहिला भारतीय शेतकरी. मी इनग्रिडबाईंना लांबलचक मेल पाठवला. दवाखान्याने काय सांगितलं ते सगळं कळवलं. त्यांचं उत्तर आलं: तुमचा राग हेही एक विषच आहे, त्याला वाट करून द्या.

मी ते उत्तर वाचून खूप हसले, आणि मला वाटलं की विषय संपला. मूर्खांचा बाजार होता, उठला. माझा माणूस वाचला, बस.

होळीनंतर मी दादाच्या वाडीत गेले. भेंडीला फवारणी चालली होती. दादा उघड्या अंगाने, तोंडाला काही न बांधता पंप भरत होता. वहिनी बकेटीत औषध हाताने ढवळत होती.

"दादा! अकल गहाण ठेवली का? मरता मरता वाचला ना तू!"

"काऊन चिल्लावतं व हर्षे?" तो अगदी मजेत म्हणाला. "माह्यं सारं विष काढून टाकलं ना त्याइनं. पुढच्या वर्षी आनखीन येऊन राह्यले ते. मले पह्यलेच सांगून ठेवलं साहेबानं. तवर भरते तितकं भरू दे, तिथं गेलो का निघून जाते."

"त्याइनं नाई वाचवलं तुले! दवाखान्यानं वाचवलं!"

त्याने पंपाचं झाकण घट्ट बसवलं. मग माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही.

"दवाखान्यात त मले नुसत्या शिव्या भेटल्या," तो म्हणाला. "तिथं दुनियाभरचे लोकं माह्यासाठी उभे राह्यले."

वहिनीने पंप उचलून त्याच्या पाठीवर चढवला, हात लुगड्याला पुसले, आणि दादा वाऱ्याच्या तोंडी भेंडीच्या ओळीत शिरला.