शिवलेला गठ्ठा

मित्रांनो, मी पितळेचा एक जुना शिक्का. कोर्टाच्या कागदखोलीत, खिडकीखालच्या खणात राहतो. पाकिटावर तापलेली लाख ओतायची, तिच्यावर मला दाबायचं, की आतले कागद जगाला बंद. न्यायाधीशांच्या आदेशाशिवाय मग कुणी ते उघडत नाही.

माझी अक्षरं कोरली जात होती तेव्हा कारागिराची बायको म्हणाली होती, "एवढं देखणं करताय, आणि करायचंय काय, तर दुसऱ्यांची तोंडं बंद!" मी ते हसण्यावारी नेलं.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. कुणाची औषधाची कृती, कुणाच्या यंत्राचा आराखडा. कष्टानं शोधलेलं कुणी फुकटात उचलू नये, म्हणून मी राखण करायचो. माझा कारकूनही हौशी. सगळे त्याला लाखमामा म्हणत. "ठसा बघा, कसा नाकीडोळी नीटस आलाय!" असं माझं कौतुक करायचा. आत काय आहे, ते मात्र कधी बघायचा नाही.

कंपन्यांच्या वकिलांनी हे हेरलं. वर तीन पानं खऱ्या गुपिताची, खाली लपवायचं ते सगळं, आणि दोऱ्यानं शिवून एकच गठ्ठा. "धंद्याचं गुपित आहे, साहेब." तेव्हाचे न्यायाधीश न वाचताच मान डोलवायचे, मामा लाख ओतायचा, आणि मला त्या घाणीवर तोंडघशी दाबायचा. शिसारी यायची हो. तोंड पुसायला मला हात कुठे होते?

असाच एक गठ्ठा फरशी धुण्याचं औषध बनवणाऱ्या कंपनीचा. बाटलीचं झाकण तडकून एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या मुलीचा डोळा गेला होता. कंपनी म्हणे, असं आधी कधी घडलंच नाही. बाई प्रत्येक तारखेला एकच विचारायची, "माझ्या आधी कुणी तक्रार केली होती का, एवढंच सांगा."

"सीलबंद आहे, ताई. माझ्या हातात काही नाही," मामा म्हणायचा.

त्याच्या हातात मी होतो!

मग न्यायाधीश म्हणून नव्या मॅडम आल्या. त्यांनी गठ्ठा आपल्या दालनात नेऊन शेवटपर्यंत वाचला.

"मॅडम, एक पान उघडलं तरी धंदा बसेल आमचा," पुढच्या तारखेला कंपनीचा वकील कळवळला.

"कोणतं पान?"

"सगळीच."

"झाकणाच्या तक्रारीत कसलं आलंय गुपित? औषधाची कृती तुमची, ती तीन पानं बंद राहतील. बाकीची सोडवा."

मामाची कात्री कागदच फाडू लागली. शिवणकाम करणाऱ्या बाईनं कॉलरला टोचलेली सुई काढली. "सरका, मामा. उसवण्यातच जन्म गेलाय माझा." मॅडमनी वरच्या तीन पानांवर तळहात ठेवला, आणि बाईनं एकेक टाका सोडवला.

चौथं पान एका बापाचं पत्र होतं, दोन वर्षांपूर्वीचं. 'झाकण तडकतं. माझ्या मुलाचा डोळा थोडक्यात वाचला. कृपा करून झाकण बदला.'

बाई रडली नाही. मामाकडे वळली. "यावर लाख तुम्ही ओतलीत?"

"मी वाचलं नव्हतं, ताई."

"दिसतंय ते."

तीन पानांच्या पाकिटावर मी पुन्हा उमटलो. या वेळी मामानं आधी आदेश वाचला, पानं मोजली.

मित्रांनो, मला घासूनपुसून लखलखीत ठेवा असं मी म्हणत नाही. दाबण्याआधी खाली काय आहे ते बघा, एवढंच. त्या गठ्ठ्याची लाख अजून माझ्या एका अक्षरात अडकली आहे, म्हणून माझ्या ठशात ते अक्षर बुजलेलं येतं. मामा आता ठशाचं कौतुक करत नाही. आणि ती लाख कोरून काढायचं धाडसही त्याला होत नाही.