उशिरा आलेला उपग्रह

आदल्या दिवशी इंजिन मध्येच बंद पडलं आणि उपग्रह लांबट कक्षेत अडकला. दर फेरीला खालच्या टोकाशी तो हवेला घासत होता. आज वरच्या टोकाला नेमका धक्का बसला नाही, तर चार वर्षांचं काम जळून जाणार होतं. आणि इंधन जेमतेम एका धक्क्यापुरतं उरलं होतं.

जपानमधल्या कागोशिमातल्या त्या नियंत्रण कक्षाची रीत अशी, की गणित दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून करायचं. आज एका खोलीत हामासाकी सेन्सेई, म्हणजे हामासाकी गुरुजी, होते, दुसरीत त्यांचीच विद्यार्थिनी चिसातो.

कागद टेबलावर आले. वेग किती वाढवायचा, हे दोघांचं जुळलं. इंजिन किती वेळ चालवायचं, ते जुळेना. चिसातोचा आकडा कमी होता.

"सेन्सेईंचा घ्या," प्रकल्पप्रमुख तोकुनागा म्हणाले.

"नाव बघूनच घ्यायचा होता, तर या पोरीला सकाळपासून उपाशी कशाला बसवलंत?" सेन्सेई म्हणाले.

चिसातो पुढे झाली. "सेन्सेई, मला वाटतं तुमच्या..."

"सांगू नकोस. तुझं ऐकून दुरुस्त केलं तर ती नक्कल झाली, तपासणी नव्हे."

ते पुन्हा आत गेले. तोकुनागा घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालत राहिले. बऱ्याच वेळाने सेन्सेई बाहेर आले. जुन्या आकड्यावर लाल रेघ होती, खाली चिसातोचाच आकडा.

"काल जळालेलं इंधन मी वजनातून वजा केलं नव्हतं," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "हलक्याला कमी ढकलावं लागतं. माझं ऐकलं असतं तर टाकी रिकामी करून बसलो असतो."

चिसातोने मान खाली घातली. या माणसाकडून अजून किती शिकायचं बाकी आहे, असं तिला वाटलं.

धक्का दिला. उपग्रह क्षितिजाआड गेला. पुढच्या फेरीची जुनी वेळ टळली, तरी पडदा कोराच.

"वेग वाढवला ना? मग लवकर यायला हवा," तोकुनागा कपाळ पुसत म्हणाले.

"नाही, तोकुनागा-सान," चिसातो म्हणाली. "दिलेली ऊर्जा उंचीत साठते. खाली तो सेकंदाला आठ किलोमीटर पळायचा, आता वर साडेसातच्याही आतच पळेल. उशीर झाला तरच साधलं म्हणायचं."

"आणि उशीर व्हायचं कारण दुसरंच असलं तर?"

चिसातोने गणिताने काढलेली नवी वेळ कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवली. सेन्सेई खिडकीवर साचलेली, शेजारच्या ज्वालामुखीची राख बघत बसले होते.

बरोबर त्याच वेळेला पडद्यावर उपग्रहाच्या संदेशाची रेघ उमटली. कक्षाच्या रीतीप्रमाणे सेन्सेईंनी आकड्यावर बोट रोखून वेग मोठ्याने वाचला. साडेसातच्या आतच होता. मग डब्यातला ओनिगिरी, भाताचा मुटका, तिच्यापुढे सरकवला.

"खा आता," ते म्हणाले.