निशाची खोली

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. लग्न मी करून पाहिलं, आता ते कोर्टात मोडताना पाहतेय. घर बांधण्याइतकी उसंत नव्हती, म्हणून खांडबाऱ्यात स्टेशनच्या मागच्या वस्तीत तयारच विकत घेतलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे मोरी आणि एक पपईचं झाड. झाड नर निघालं, ते मात्र विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं.

विकणारा नथ्थूभाऊ. घर दाखवताना तो सारखा माझ्या मागे बघायचा, अजून कोणी येतंय का म्हणून.

"ताई, पानी शे, हवा शे, बाजार जवळ शे. पन तुमना मालक कोठे शेतस? त्यासले बी दखाडी देस."

"मालकीण तुमना समोर उभी शे. तिलेच दखाडा," मी त्याच्याच अहिराणीत म्हटलं.

तो हसला, पण सौदा होईपर्यंत "एकल्याच ऱ्हाशात का?" हे त्याने तीनदा तरी विचारलं असेल. तिन्ही वेळा मी एकच सांगितलं, की माझी मुलगी आहे, घर तिच्यासाठी घेतेय.

माझं नाव एस्तेर गावित. नवापूरच्या एका खासगी दवाखान्यात मी नर्स आहे. अठरा वर्षं लोकांना सुया टोचून माझी जीभही तशीच झाली आहे, असं तिथले सगळे म्हणतात, आणि खोटं म्हणत नाहीत. निशा माझी एकुलती एक, चौदा वर्षांची. पाचवीपासून नंदुरबारला हॉस्टेलमध्ये राहून शिकते. माझ्या आणि दानियलच्या घटस्फोटात भांडण्यासारखं दुसरं काहीच नाही. जमीन त्याच्या बापाची, आणि दागिने मुळात नव्हतेच. निशा कोणाकडे राहणार, एवढ्यासाठी तीन वर्षं तारखा पडताहेत. या जूनमध्ये न्यायाधीश साहेब तिलाच आत बोलावून विचारणार होते.

घराचं काढलं तेव्हा वकील म्हणाले, "मॅडम, निकाल लागेपर्यंत थांबा. आत्ता घर घेतलं तर समोरचा म्हणेल, बाईंकडे भरपूर आहे." मग चष्मा पुसत पुढे म्हणाले, "पण मुलीसाठी वेगळी खोली दाखवता आली तर आपल्या बाजूने बरंच पडेल, हेही आहे." वकिलाचं बोलणं म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी फक्त खोलीचं तेवढं धरलं.

दानियल वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर लोक भलतंच धरून बसतात. तो दारू पीत नाही, हात उचलत नाही. शाळेत मास्तर आहे, चर्चमध्ये पेटी वाजवतो. आम्ही दोघंही मिशनच्या हॉस्टेलात वाढलो, ओळखही तिथलीच. घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की जेवायचं, घंटा झाली की प्रार्थना. लग्नानंतर पहिल्या दिवशी जेवण झालं आणि आम्ही दोघं आपापलं ताट उचलून मोरीवर गेलो. तेव्हा हसू आलं होतं. दहा वर्षं तसंच चाललं, तेव्हा हसू यायचं थांबलं. मग त्याची बदली अक्कलकुव्याकडे झाली. तो गेला आणि मला काहीच वाटलं नाही. त्यालाही वाटलं नसावं. शेजारची दिवलीबाई म्हणाली, "मारत नाही, पीत नाही, मग सोडतेस कशाला?" आता तिला काय सांगणार? घरात माणूस असून नसल्यासारखं जगणं डॉक्टरला दाखवता येत नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

घरासाठी मी रविवारच्या ड्यूट्या घेतल्या. त्या दिवशी कोणी यायला तयार नसतं, म्हणून जास्तीचे मिळतात. दीड वर्ष एकही रविवार सोडला नाही. अंगात ताप असताना दुसऱ्यांचे ताप मोजले. मार्चमध्ये किल्ली हातात आली तेव्हा आधी निशाची खोली लावली. तिच्या आवडीचा निळा रंग दिला. पलंग, टेबल, आरसा, दाराला आतून कडी. मला आयुष्यात कधी स्वतःची खोली मिळाली नव्हती, त्यामुळे खोलीत काय काय लागतं ते मी दवाखान्यातल्या पोरींना विचारून लिहून घेतलं होतं.

मे महिन्यात ती आली. आधीचे पंधरा दिवस वडिलांकडे, नंतरचे माझ्याकडे, असं ठरलेलं होतं. स्टेशनवर उतरली तेव्हा माझ्या खांद्याच्या वर गेली होती. मी मावचीत, आमच्या घरच्या बोलीत, विचारलं, जेवलीस का? तिने मराठीत उत्तर दिलं. हॉस्टेलात मराठीच बोलायचं असतं, त्याची सवय झालेली.

खोली बघून ती म्हणाली, "छान आहे, मम्मी." आणि बॅग उघडून तिने आतून आपलं ताट, वाटी, पेला काढला. पेल्यावर खिळ्याने टोचून नाव घातलेलं, निशा डी. गावित.

"अगं, घरात ताटं आहेत!" मी ओरडलेच.

"असू दे ना," ती म्हणाली. जेवून तिने ते घासलं, पुसलं आणि बॅगेवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर ती माझ्या पलंगाशेजारी चटईवर झोपलेली. तिसऱ्या दिवशीही तेच. खोलीत उकडतं का, म्हणून मी नवा पंखा आणून लावला. चौथ्या दिवशी पुन्हा चटई. विचारलं तर म्हणाली, "एकटीला झोप येत नाही. तिथे आम्ही बत्तीस जणी असतो." बाहेर जायचं तर दाराशी उभी राहून विचारायची, "मम्मी, जाऊ का?" आणि मी मान हलवेपर्यंत हलायची नाही. मला तिच्या अधीक्षिका बाईंचा राग आला. मग लक्षात आलं, की तिला तिथे ठेवायच्या अर्जावर माझीच सही आहे. आम्ही तसेच वाढलो, आमचं काय वाईट झालं, असं तेव्हा मीच म्हटलं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी मी भाकरी थापत होते. ती चुलत्याच्या लग्नातले फोटो बघत बसली होती. फोनमधून मान वर न काढता तिने विचारलं, "मम्मी, साहेब विचारतील तेव्हा मी काय सांगू?"

वकिलांनी बजावलं होतं, मुलीला काही शिकवू नका. 'तुझ्या मनात असेल ते सांग,' हे वाक्य मी आठ दिवस घोकून ठेवलं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"एवढं घर कोणासाठी घेतलं मी? भुतासाठी?"

तव्यावरची भाकरी करपली, ती मी उलटलीसुद्धा नाही.

"मी हॉस्टेल सांगणार आहे," ती म्हणाली.

"पप्पांनी शिकवलं?"

"नाही. त्यांनीपण माझ्यासाठी खोली केलीय. त्यांनापण मी तेच सांगितलं." तिने फोन बाजूला ठेवला. "रविवारी सगळ्यांचे आईबाबा येतात, मम्मी. चिंचेखाली बसतात, डबा उघडतात. पप्पा येतात. त्यांचा भात चिकट असतो, तरी मी खाते. तू दीड वर्षात एकदा पण आली नाहीस."

"अगं, मी रविवारी ड्यूटी..."

"माहितीये. पप्पा सांगतात. मम्मी तुझ्यासाठी घर घेतेय, तिला काही बोलू नकोस, म्हणतात."

हे मला लागलं. त्याने माझी निंदा केली असती तर बरं झालं असतं, भांडायला जोर आला असता. दीड वर्ष मी तिच्यासाठी कमावत होते आणि तिला गमावत होते, आणि हे त्याला दिसत होतं, मला नाही.

"तुम्ही दोघं एकाच रविवारी या ना," निशा म्हणाली. "एकदाच. मग साहेब काय लिहायचं ते लिहू देत."

"येईन," मी म्हटलं. "आणि हॉस्टेल सांगायचं तर हॉस्टेल सांग. मी रागावणार नाही." पहिलं खरं होतं.

जूनमध्ये तिने तेच सांगितलं. साहेबांनी पुढची तारीख दिली. वकील म्हणाले, अजून आशा आहे. मी म्हटलं, कशाची ते लिहून द्या.

पुढच्या रविवारी ड्यूटी सोडून मी सकाळच्या गाडीने नंदुरबारला गेले. दानियल आधीच चिंचेखाली येऊन बसला होता. मी कोंबडी केली होती, त्याने भात आणला होता. तिघांनी जेवण केलं. निशा एवढं बोलत होती, की आम्हा दोघांना बोलायची गरज पडली नाही. मग तिची मैत्रीण रविना धावत आली. निशाने तिला ऐटीत सांगितलं, "हे माझे मम्मी-पप्पा."

"काका, काकू, तुमचं घर कुठे आहे?" रविनाने विचारलं.

आम्ही एकदमच उत्तर दिलं. मी खांडबारा म्हटलं, त्याने अक्कलकुवा. पोरगी गोंधळून निशाकडे बघायला लागली.

"माझं इथेच आहे," निशा म्हणाली, आणि तिचा हात धरून पळाली.

ती परत येईल म्हणून आम्ही बसून राहिलो. अंगणाच्या त्या टोकाला पोरींचा घोळका होता आणि त्यात तिचं हसणं मला वेगळं ओळखू येत होतं. पाच वाजता घंटा झाली. घंटा झाली की पाहुण्यांनी निघायचं असतं, म्हणून आम्ही निघालो.