लांबलेला रोजा

जाफराबादच्या वाचनालयात काकासाहेबांचा जन्म गेला होता. पण वाचलेली गोष्ट चारचौघांत सांगायची म्हटलं की ते पुटपुटायला लागायचे. त्यातून समोर चांदपाशा टेलर. लहानपणापासूनचा मित्र आणि तोंडाचा फाटका.

सौदीत जेद्दाहला कामाला असलेल्या त्याच्या मुलानं आईबापाला उमऱ्यासाठी, म्हणजे मक्केच्या यात्रेसाठी, विमानाची तिकिटं पाठवली होती. त्या वर्षी रमजान ऐन थंडीत आला होता आणि जायचं होतं ते रमजानातच. चांदपाशानं तिकीट काकासाहेबांच्या नाकासमोर धरलं.

"वाच. मुंबईहून दुपारी दोनला निघायचं, साडेचारला जेद्दाह. अडीच तास! एवढ्यात आपली एसटी कशीबशी जालन्याला टेकती."

काकासाहेबांनी नकाशावर अंतर मोजून पाहिलं होतं. साडेतीन हजार किलोमीटर. ते अडीच तासांत कसं कापलं जाईल?

"पाशा, पाच तास लागतील," ते हळूच म्हणाले. "तिथलं घड्याळ आपल्या मागं असतं. त्यांचे साडेचार म्हणजे आपले सात."

"मंग?"

"मग तुझा रोजा. सूर्य पश्चिमेकडं, तुम्हीही पश्चिमेकडं. इथं सहाला रोजा सोडायची अजान होईल, पण तुम्हाला आपल्या साडेआठपर्यंत दिवसच राहील. तुझी शुगर..."

चांदपाशा पोट धरून हसला आणि त्यानं बायकोला हाक मारली. "रहिमुन्निसा, ऐकलं का? ह्यो सूर्याला बी इमानात बसवून राह्यला! अरे, पन्नास वर्सांत एक रोजा चुकवला न्हाई म्या."

"प्रवाशाला सूट असते, असं वाचलं होतं..." काकासाहेब पुटपुटले. पण दुसऱ्याच्या धर्मातलं आपण काय सांगावं, असं वाटून त्यांनी विषय तिथंच सोडला. रहिमुन्निसाभाभी मात्र हसल्या नाहीत. मागच्या रमजानात रोजा सोडायला जरा उशीर झाला, तर नवरा शिलाई मशीनवरच कोसळला होता.

ते निघाले त्या दिवशी सांजेला मशिदीतून अजान झाली आणि काकासाहेबांचा हात ताटावरच थांबला. पाशा आता समुद्रावर, उन्हात, उपाशी. आपलं गणित चुकलेलं असू दे, देवा, असं त्यांनी जन्मात पहिल्यांदा मागितलं.

सकाळी एसटीडी बूथवाल्या मच्छिंद्रनं हाक मारली. काकासाहेब चपला न घालताच धावले.

"भाऊजी, पोचलो आम्ही," भाभी म्हणाल्या.

"पाशा कसा आहे?"

पलीकडं फोनची ओढाओढ झाली. "लई बेशरम बघ तुझा सूर्य! माझ्या घड्याळात आपले साडेसहा, अन् इमानाच्या खिडकीत लख्ख ऊन. हातापायाला कापरं सुटलं. तरी मी म्हणलं, मावळू दे. तर तुझ्या भाभीनं सरळ तोंडात खजूर कोंबली! म्हणली, 'भाऊजी खरं बोलले व्हते. अजून दोन घंटे मावळायचा न्हाई. खा, अन् बदली रोजा घरी गेल्यावर ठेवा.'"

"मग?"

"मंग काय, आलो माणसात."

"रागावलास का रे?"

"रागावू न्हाई तर काय! जरा दरडावून सांगायचं व्हतं ना, भित्र्या!"

फोन ठेवून काकासाहेब बूथच्या बाकावर बसले. मच्छिंद्रनं विचारलं, "काय म्हणतात टेलर?"

"शिव्या देतोय," काकासाहेब डोळे पुसत म्हणाले. "एकदम बरा आहे."